पवनचक्क्या आणि आपलं नागपूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सगळी नोकरी विजेच्या उपकेंद्रांत गेली. निवृत्त झाल्यापासून शाळा, सोसायट्या आणि ग्रामपंचायतींत जाऊन वीज कुठून येते, कशी येते हे सांगत असतो. सौरऊर्जेबद्दल नागपुरात आता बऱ्याच जणांना कळतं, कारण शेजारच्या स्लॅबवर पॅनल दिसतात. पवनचक्की मात्र आपल्याकडे दिसतच नाही, त्यामुळे तिच्याबद्दल कुतूहलही भरपूर आणि गैरसमजही. पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, त्याला इलाज नाही.

नागपुरात पवनचक्क्या का नाहीत?

वारा कमी आहे म्हणून. पण "कमी" म्हणजे नेमका किती कमी, हे समजून घेण्यासारखं आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा दुप्पट होत नाही, आठपट होते. सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यात, म्हणजे झाडाची पानं हलवणाऱ्या झुळुकीत, एका चौरस मीटरमागे जेमतेम १६ वॅट असतात. तोच वारा ६ मीटरने वाहिला तर सुमारे १३०, आणि १२ मीटरने वाहिला तर हजारावर. त्यामुळे वाऱ्याच्या वेगातला थोडासा फरकही प्रकल्पाचं गणित उभं करतो किंवा मोडतो.

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो आणि डोंगरमाथ्यावरून जाताना दाबला जाऊन वेग घेतो. म्हणून महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या साताऱ्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीला, सांगलीत ढालगावला, धुळ्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलला, अहिल्यानगर जिल्ह्यात कवड्या डोंगरावर उभ्या आहेत. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर तो वारा पाऊस आणतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो. शिवाय आपला उन्हाळा. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते, आणि विरळ हवेत तेवढी ऊर्जा कमी.

विदर्भात अगदीच काही झालं नाही असं मात्र नाही. चिखलदऱ्याच्या पठारावर मोथ्याला पवनचक्क्यांचा प्रयोग झालेला आहे. उंची असली की विदर्भातही वारा मिळतो, पण ती उंची मेळघाटात आहे आणि तिथे जंगल आहे.

पण मे महिन्यात वादळ येतं, पत्रे उडतात, झाडं पडतात. तो वारा का नाही वापरत?

कारण तो अर्धा तास येतो आणि जातो. पवनचक्कीला महिनोन् महिने एकसारखा वाहणारा वारा लागतो. उलट सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेग गेला की बहुतेक पवनचक्क्या स्वतःला सांभाळण्यासाठी बंद होतात. पाती वाऱ्याला धार दाखवून उभी राहतात.

आपल्याकडे वाराच नाही, तर नागपूरकरांनी या विषयात डोकं का घालावं?

सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

राज्याची औष्णिक वीज मोठ्या प्रमाणात आपल्या भागात तयार होते. कोराडीत ६६० मेगावॅटचे ३ संच आहेत. खापरखेडा १,३४० मेगावॅट, मौदा २,३२० मेगावॅट आणि चंद्रपूर २,९२० मेगावॅट. कोळसा आपल्या जमिनीतला, पाणी आपल्या नद्यांचं, राख आपल्या शिवारात. वीज मात्र सगळ्या राज्याची, आणि ती तशी असायलाही हवी. माझ्या आत्याचं घर एका औष्णिक केंद्राजवळच्या गावात होतं. तिथे वाळत घातलेली चादर घडी करण्याआधी दोघींनी दोन टोकं धरून झटकायची, ही रोजची रीत होती. लहानपणी मला वाटायचं, चादर अशीच घडी करतात.

आता एक सरळ हिशोब मांडू. २ मेगावॅटची एक पवनचक्की वर्षाच्या सरासरीने २५ टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला ४३ लाख ८० हजार युनिट देते. आपल्या औष्णिक केंद्रांत एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तेवढ्याच विजेला ३ हजार टनांवर कोळसा लागला असता. फाटकावर थांबून तुम्ही कोळशाची जी लांबच लांब मालगाडी बघता, तिच्यात साधारण ३,९०० टन कोळसा असतो. म्हणजे एक पवनचक्की दर वर्षी तशी जवळजवळ पाऊण गाडी रिकामी ठेवते. त्या कोळशातून निघणारी हजारेक टन राखही होत नाही. पाण्याचंही तसंच. औष्णिक केंद्राला एका युनिटमागे तीन-साडेतीन लिटर पाणी लागतं. भांडेवाडीत शुद्ध केलेलं नागपूरचं सांडपाणी कोराडीला दिलं जातं, ही फार शहाणपणाची गोष्ट आहे. पण पवनचक्कीला वीज तयार करायला पाणी लागतच नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. साताऱ्यात एक युनिट जास्त तयार झालं की नेमका कोराडीचाच कोळसा वाचतो, असं नसतं. कोणता संच कमी चालवायचा हे त्याच्या विजेच्या दरावरून ठरतं. आधी महाग वीज मागे घेतली जाते. पण राज्याच्या औष्णिक विजेतला एवढा मोठा वाटा आपल्याकडे असताना एकूण कोळसा कमी झाला, तर त्याचा फायदा आपल्या अंगणात पोचतोच.

साताऱ्याची वीज नागपूरला येते तरी कशी?

पवनचक्कीत वीज साधारण ६९० व्होल्टवर तयार होते. मनोऱ्याच्या आत किंवा पायथ्याशी असलेला ट्रान्सफॉर्मर ती ३३ केव्हीवर, म्हणजे ३३ हजार व्होल्टवर नेतो. अनेक पवनचक्क्यांच्या लाइनी एका उपकेंद्रात एकत्र येतात, तिथे ती १३२ किंवा २२० केव्ही होते आणि पुढे ग्रिडमध्ये जाते.

ग्रिड म्हणजे अनेक झऱ्यांची एक विहीर समजा. बादलीत आलेलं पाणी कोणत्या झऱ्याचं हे सांगता येत नाही, पण एक झरा वाढला की बाकीच्यांवरचा ताण कमी होतो. आपली विहीर तर आता देशाएवढी आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली, दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच ग्रिड झालं. तेव्हापासून तामिळनाडूच्या मुप्पंडलमधला वारा आणि मौद्यातला कोळसा एकाच तालावर, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. उपकेंद्रात बसून ५० हर्ट्झचा काटा बघत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गोष्ट अजूनही थक्क करते.

पवनचक्की नेमकी चालते कशी?

आपल्या कूलरच्या उलट. कूलर वीज घेतो आणि वारा देतो, पवनचक्की वारा घेते आणि वीज देते.

पात्याचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. वारा त्याला मागून ढकलतो असं वाटतं, पण खरं तर तो पात्याच्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या वेगाने जातो आणि त्यातून पातं पुढे ओढलं जातं. मोठ्या पवनचक्कीची पाती मिनिटाला दहा ते पंधरा फेरे घेतात. गिअरबॉक्स असलेल्या यंत्रात हा वेग हजार ते दीड हजार फेऱ्यांपर्यंत वाढवून जनित्राला दिला जातो. काही यंत्रांत गिअरबॉक्स नसतोच. वरची खोली, जिला नॅसेल म्हणतात, वाऱ्याची दिशा बघून आपोआप वळते. पातीही आपल्या आसाभोवती फिरून कमी-जास्त वारा झेलतात. साधारण सेकंदाला ३ मीटर वारा असला की वीज सुरू होते, ११ ते १३ मीटरच्या दरम्यान पूर्ण क्षमता गाठली जाते.

वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. सगळी काढली तर वारा पात्यामागेच थांबेल आणि मागून येणाऱ्याला जागा राहणार नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की कमाल मर्यादा ५९.३ टक्के आहे. यंत्र कितीही चांगलं बनवा, ही मर्यादा ओलांडता येत नाही.

पाती इतकी सावकाश फिरतात. त्यातून काय वीज निघणार?

लांबून सावकाश वाटतात. १२० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १२ फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी २७० किलोमीटरने धावत असतं. आणि ते चक्र जेवढी जागा व्यापतं ती ११,३०० चौरस मीटर होते. म्हणजे जवळजवळ पावणेतीन एकराचं वावर वाऱ्यासमोर उभं केल्यासारखं.

एकदा वर्धा रोडवर रात्री एक पातं घेऊन जाणारा ट्रेलर थांबलेला होता. मी गाडी बाजूला लावून त्याच्या कडेने चालत गेलो. मोजली तर ऐंशीच्या वर पावलं झाली. मुळाशी माणूस आत उभा राहील एवढं गोल तोंड, आणि शेवटी टोक इतकं निमुळतं की तळहाताने झाकावं. वरून गुळगुळीत पांढरं, टिचकी मारली तर पोकळ आवाज. फायबर ग्लास आणि राळेचं असतं ते, आत काही ठिकाणी बाल्सा नावाचं हलकं लाकूड. मागे-पुढे लाल झेंडी आणि दिवा घेतलेल्या जीपगाड्या होत्या. नागपूर देशाच्या मधोमध असल्याने पवनचक्की आपल्याकडे उभी राहिली नाही तरी तिचे भाग आपल्या रस्त्यांवरून जातात. रिंगरोडवर असा ट्रेलर वळताना दिसला तर हॉर्न वाजवू नका, त्या ड्रायव्हरला मागचं टोक दिसत नसतं.

पाती तीनच का?

दोन पात्यांचं चक्र फिरताना हादरे जास्त देतं. चार-पाच लावली तर खर्च वाढतो आणि वीज त्या मानाने वाढत नाही. तीन हा तोल साधणारा आकडा आहे.

आमच्या स्लॅबवर छोटी पवनचक्की लावली तर?

कृपा करून लावू नका. म्हणजे विज्ञान प्रदर्शनासाठी लावायची असेल तर जरूर लावा. बिल कमी करायला नको.

मानेवाडा रिंगरोडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने लावली होती. विकणाऱ्याने "एक किलोवॅट" सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. तो आकडा ताशी ४३ किलोमीटर वाऱ्याचा असतो. आमच्या वस्तीत झाडं, टाक्या आणि शेजारच्या इमारतींमधून जो वारा त्याच्या गच्चीवर पोचायचा तो सरासरीने सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास, तोही भोवरे घेत, दर मिनिटाला दिशा बदलत. २ मीटर व्यासाच्या चक्राला अशा वाऱ्यात तेरा-चौदा वॅट मिळतात. महिन्याला नऊ युनिट झाले नाहीत. त्यावर त्याचा कूलर चार रात्री चालला असता. वर्षभरात बेअरिंग कुरकुरू लागलं, रात्री पॅरापेटची भिंत थरथरायची, वहिनींनी शेवटी तगादा लावून काढायला लावली. त्याने सव्वा लाख घातले होते. मला आधी विचारलं असतं तर, असं मी त्याला कधी म्हटलं नाही, पण हे उत्तर मी मोठं लिहितोय ते त्याच्यासाठीच.

त्याच गच्चीवर आता १ किलोवॅटचे सौर पॅनल आहेत. ते दिवसाला सरासरी चार युनिट देतात. आपल्याकडे ऊन आहे, तेच आपलं धन आहे. वाऱ्याची वीज वाऱ्याच्या गावात तयार होऊ द्या.

मग सौरऊर्जाच पुरे. पवनऊर्जेची गरज काय?

जुलैतला एखादा आठवडा आठवा. सलग चार दिवस झड लागलेली, दुपारी दोन वाजता घरात दिवा लावावा लागतो. त्या दिवसांत आपले पॅनल निम्म्याहून कमी वीज देतात. आणि नेमके तेच दिवस सह्याद्रीच्या माथ्यावर वारा घोंघावण्याचे. भारतातल्या पवनऊर्जेचा मोठा वाटा मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत तयार होतो. उन्हाळ्यात सूर्य, पावसाळ्यात वारा, अशी ही जोडी लागते.

दिवसातही तसंच. सूर्य सहा-सातला मावळतो आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, कूलर, मिक्सर सुरू होतात. वारा संध्याकाळी थांबत नाही. अनेक ठिकाणी रात्री वाढतो. फक्त सौरवर भर दिला तर दुपारी वीज उतू जाईल आणि संध्याकाळी पुन्हा कोळशाकडेच बघावं लागेल. नागपूरला पवनऊर्जेची जी खरी गरज आहे ती या संध्याकाळच्या तासांची.

वारा पडला तर अंधार होईल का?

नाही. वारा अचानक "पडतो" हे एका पवनचक्कीबद्दल खरं आहे. शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या हजारो पवनचक्क्यांची एकूण वीज हळूहळू कमी-जास्त होते आणि तिचा अंदाज आधी बांधता येतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात किती वीज येईल हे प्रकल्पांना आधी कळवावं लागतं. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये याचे नियम केले. अंदाज फार चुकला तर प्रकल्पाला पैसे भरावे लागतात.

उरलेला फरक भरून काढायला कोयना आहे. १,९६० मेगावॅटची ती जलविद्युत केंद्रं काही मिनिटांत सुरू करता येतात. घाटघरला रात्रीच्या विजेने पाणी वर चढवून गरजेच्या वेळी सोडतात. आता बॅटऱ्याही येऊ लागल्या आहेत. आणि औष्णिक संचही आहेतच, फक्त त्यांना वर-खाली व्हावं लागतं. हे काम त्यांच्यासाठी सोपं नाही. मोठा बॉयलर हा शेगडीसारखा मंद-मोठा करता येत नाही. साधारण ५५ टक्क्यांखाली नेला की ज्वाला अस्थिर होऊ लागते, धातूला ताण पडतो. औष्णिक केंद्रांत काम करणारे माझे मित्र वाऱ्या-सूर्याबद्दल कुरकुर करतात तेव्हा त्यांच्या म्हणण्यात तथ्य असतं. नव्या व्यवस्थेचा सगळ्यात जास्त त्रास जुन्या यंत्रांना आणि ती सांभाळणाऱ्या माणसांना होतो आहे, आणि त्यांच्या कौशल्याशिवाय हा बदल होणारही नाही.

पवनचक्क्या ढग पळवतात आणि पाऊस कमी करतात, हे खरं का?

नाही. २००३ च्या आसपास सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात हा समज फार पसरला, कारण त्याच सुमारास तिथे पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. उपाशी शेतकऱ्याने समोर दिसणाऱ्या नव्या वस्तूवर बोट ठेवलं, हे मी समजू शकतो. पण पावसाचे ढग डोंगरमाथ्याच्याही वर शेकडो-हजारो मीटर पसरलेले असतात आणि त्यांना वाढवणारी ओल शेकडो किलोमीटरवरून येते. जमिनीपासून दोनशे मीटर उंच यंत्र त्या ढगाचं काही बिघडवू शकत नाही.

पक्ष्यांचं काय?

इथे "काही होत नाही" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. होतं.

चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांनी अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. पक्षी कमी झाल्यावर तिथले सरडे वाढले. पंख्यासारखा निळा-नारिंगी गळा फुलवणारा सुंदर सरडा आहे तो. पण वाढलेल्या गर्दीत ते सरडे बारीक झाले, त्यांचे रंग फिके पडले, आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते, कारण घारी-ससाण्यांची भीती उरली नव्हती. वरच्या पात्याचा परिणाम गवतातल्या सरड्याच्या गळ्यापर्यंत पोचतो, हे वाचून मी बराच वेळ गप्प होतो.

आपल्या विदर्भासाठी जवळचं उदाहरण माळढोकाचं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे माळढोक दिसायचे. या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तो तारांना धडकतो. पवन आणि सौर प्रकल्पांच्या वीजवाहिन्या त्याच्या उरल्यासुरल्या माळांवरून जाऊ लागल्या तेव्हा हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले आणि २०२४ मध्ये ते बदलून तज्ज्ञ समिती नेमली.

कोळशाने होणारं नुकसान याहून मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे. पण म्हणून पवनचक्की कुठेही उभी करावी असं होत नाही. जागा निवडण्याआधी वर्षभर पक्ष्यांची नोंद घेणं आणि संवेदनशील माळ सोडून देणं, एवढं तरी झालंच पाहिजे.

आवाजाचा त्रास होतो का?

जवळ राहणाऱ्यांना होऊ शकतो. पातं मनोऱ्याजवळून जाताना "हूऽश" असा आवाज येतो आणि रात्रीच्या शांततेत तो जाणवतो. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वस्तीपासून ५०० मीटर अंतर राखायचं असतं. ते राखलं आहे का, हे ग्रामसभेने मोजून घ्यावं.

नातेवाइकांच्या शेतात कंपनी पवनचक्की उभी करू म्हणते आहे. जमीन द्यावी का?

नागपुरातल्या अनेकांचे सोयरे मराठवाड्यात, खानदेशात आहेत, म्हणून हा प्रश्न येतो. पवनचक्की, तिचा रस्ता आणि क्रेन उभी करायची जागा मिळून साधारण अडीच एकर अडकते. पायथ्याखाली वीसेक मीटर व्यासाचा काँक्रीटचा पाया असतो. उरलेल्या वावरात पेरणी, चराई सगळं चालतं, हा या प्रकल्पांचा मोठा गुण आहे.

सही करण्याआधी मात्र थोडं थांबा. विक्री आहे की भाडेपट्टा, हे नीट वाचा. भाडेपट्टा असेल तर किती वर्षांचा आणि भाडं दर वर्षी किती वाढणार ते पाहा. रस्ता किती रुंद आणि तो सातबाऱ्यावर कसा चढणार? बांधकामात उभं पीक मोडलं तर भरपाई कोण आणि किती दिवसांत देणार? मुदत संपल्यावर मनोरा आणि पाया काढून जमीन पूर्ववत कोण करणार? तार ज्या शेजाऱ्याच्या शेतावरून जाणार त्याला काय? हे सगळं नोंदणीकृत करारात हवं. चहा पिता पिता दिलेला शब्द पुढच्या मॅनेजरला माहीत नसतो. सोबत वकील ठेवा, आपल्याच ओळखीचा.

बनवतानाच इतकं स्टील-सिमेंट जातं, मग हरित कसली?

एक पवनचक्की बनवायला, आणायला, उभारायला लागलेली ऊर्जा ती साधारण वर्षभरात परत करते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालते. संपूर्ण आयुष्याचा हिशोब धरला तर जमिनीवरच्या पवनऊर्जेच्या एका युनिटमागे ११ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, कोळशाच्या युनिटमागे ८२० ग्रॅमच्या आसपास. हे हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचे २०१४ चे मध्यम आकडे आहेत.

जुन्या पवनचक्क्यांचं काय करतात?

मनोऱ्याचं स्टील आणि जनित्रातलं तांबं भंगारात विकलं जातं, पुन्हा वितळतं. पाती हा अवघड भाग आहे. फायबर आणि राळ एकमेकांना इतके चिकटलेले असतात की वेगळे करणं महाग पडतं. काही ठिकाणी तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत वापरतात. समाधानकारक उत्तर अजून सापडलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त आशादायक आहे. साताऱ्यातल्या उत्तम वाऱ्याच्या जागा पंचवीस वर्षांपूर्वीच्या लहान यंत्रांनी अडवून ठेवल्या आहेत. तिथे आज मोठी यंत्रं बसवली तर कमी मनोऱ्यांत कितीतरी जास्त वीज मिळेल. केंद्राने यासाठी २०१६ मध्ये धोरण आणलं, २०२३ मध्ये ते सुधारलं. पण एका डोंगरावर शंभर मालक असले की त्यांना एकत्र आणणं हे यंत्र बसवण्यापेक्षा कठीण होतं.

देशात आणि राज्यात आज किती पवनऊर्जा आहे?

१९८६ मध्ये कोकण, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॅटच्या छोट्या यंत्रांनी सुरुवात झाली. मार्च २०२५ अखेर देशाची स्थापित क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. जगात आपला चौथा क्रमांक आहे. गुजरात आणि तामिळनाडू पुढे आहेत, महाराष्ट्रात पाच हजारांवर मेगावॅट आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने १५० मीटर उंचीवर महाराष्ट्राची संभाव्य क्षमता १ लाख ७३ हजार मेगावॅटच्या वर मांडली आहे. मनोरे जसे उंच होतात तसे पूर्वी नाकारलेले भाग पुन्हा नकाशावर येतात.

आम्हाला पवनऊर्जा विकत घेता येते का?

बुटीबोरी किंवा हिंगण्यात कारखाना असेल आणि मंजूर भार १०० किलोवॅट किंवा जास्त असेल, तर २०२२ च्या नियमांनुसार हरित वीज थेट प्रकल्पाकडून घेता येते. पूर्वी ही मर्यादा १ मेगावॅट होती, त्यामुळे लहान उद्योग बाहेरच राहायचे. वहन शुल्क आणि अधिभार धरूनच गणित करा. घरगुती ग्राहकाला थोडा जास्त दर देऊन पूर्णपणे हरित वीज मागता येते. सध्याचा जादा दर महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या मुलांना यात काम आहे का?

आहे. चेन्नईच्या त्याच संस्थेचा "वायुमित्र" नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे, त्याची चौकशी करा. काम देखभालीचं असतं: शिडीने किंवा लिफ्टने शंभर मीटर चढायचं, हार्नेस लावून नॅसेलमध्ये बोल्ट तपासायचे, तेल बदलायचं. उंचीची भीती असेल तर आधीच सांगा. आणि नोकरी नागपुरात नसेल, हे घरच्यांना तयार ठेवा.

मुलांना पवनचक्क्या दाखवायला कुठे न्यावं?

चाळकेवाडी. नागपूरहून आठशे किलोमीटरच्या आसपास पडतं, म्हणून महाबळेश्वर-कासच्या सहलीला जोडा. साताऱ्याहून ठोसेघर धबधब्याच्या रस्त्यानेच पुढे वर चढायचं. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका. तेव्हा बरीचशी यंत्रं उभी असतात आणि पोरं "ही तर बंदच आहेत" म्हणून परत येतात. जुलै-ऑगस्टमध्ये जा, रेनकोट घ्या, छत्री नको, ती तिथे टिकत नाही. विजा चमकत असतील तर मनोऱ्याजवळ थांबू नका.

मी गेलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की मनोऱ्याचा वरचा भाग दिसतच नव्हता. फक्त आवाज येत होता. मग धुक्यातून एक पांढरं पातं खाली उतरायचं, आमच्या डोक्यावरून जायचं आणि पुन्हा धुक्यात शिरायचं. माझी नात प्रत्येक वेळी मोजत होती: एक, दोन, तीन, आणि परत एक.